पेटी मुकी, हवा बोलकी
घरगुती लाउडस्पीकरमधल्या खर्जाची शंभर वर्षांची गोष्ट

‘पेटी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भाता आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्या येतात. या लेखातली पेटी ती नव्हे. ही लाउडस्पीकरची पेटी. कॅबिनेट म्हणा, खोका म्हणा. आपल्यातल्या बऱ्याच इंजिनियर मंडळींनी कधी ना कधी असा एखादा खोका घरी ठोकलेला असतो. कुणी हॉस्टेलच्या खोलीत, कुणी इथे आल्यावर पहिल्या अपार्टमेंटमध्ये, तर कुणी मुलं कॉलेजात गेल्यावर रिकाम्या झालेल्या बेसमेंटमध्ये. खोका तयार होतो, पहिलं गाणं लागतं आणि दहातल्या नऊ जणांच्या तोंडून एकच वाक्य निघतं, “बाकी सगळं छान आहे, पण बेस नाही!”

मग खटाटोप सुरू होतो. आत कापूस भर, मागची फळी बदल, भोक पाड, भोक बुजव. या खटाटोपाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात मोठमोठ्या प्रयोगशाळा आहेत, तसे घराच्या तळघरात करवत चालवणारे हौशी लोकही आहेत. आणि या सगळ्यांना जे एकच सत्य हळूहळू उमगत गेलं, ते मात्र ऐकायला विचित्र वाटतं: चांगला खर्ज हवा असेल तर पेटीने गप्प बसायचं असतं. काम करायचं असतं ते आतल्या हवेने.

आपल्या कानांना हा विषय जवळचा आहे. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची डावी बाजू, ढोल-ताशातला ढोल, हे सगळं त्याच मुलखातलं. छोट्या ट्रान्झिस्टरमधून हा ६९ चा स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. तरी आपण तानपुरा ओळखतो, कारण वरचे उपस्वर ऐकून खालचा स्वर आपला मेंदू स्वतःच भरून काढतो. भीमसेनजींची मैफल आपण वर्षानुवर्षं अशीच, अर्धी कानांनी आणि अर्धी मेंदूने ऐकली. खरा खर्ज घरात आणायचा तर मात्र हवा हलवावी लागते, आणि तीही भरपूर.

पेटी लागतेच कशाला?

आज आपण वापरतो त्या स्पीकरचा जन्म १९२५ सालचा. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी कागदी कोन, त्याला जोडलेली तारेची कॉइल आणि भोवती चुंबक अशी रचना शास्त्रशुद्धपणे मांडली. त्याआधी घरोघरी ग्रामोफोनसारखा कर्णा असे. कर्ण्याचा आवाज मोठा, पण खर्जाच्या नावाने शंख! राइस-केलॉगच्या कोनाने तो कर्णा घालवला.

पण एक अडचण होती. कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पाण्याच्या पिंपात हात हळूहळू पुढे-मागे हलवून बघा. लाट उठतच नाही. पाणी हाताच्या कडेने वळसा घालून मागच्या बाजूला जातं. हात झपाट्याने हलवला तर मात्र पाणी उसळतं. हवेचंही तसंच. उंच स्वरांच्या लाटा आखूड असतात, त्या वळसा घालून एकमेकींना मारत नाहीत. पण सेकंदाला ४० कंपनं असलेल्या स्वराची लाट साडेआठ मीटर, म्हणजे सुमारे २८ फूट लांब असते. तिच्यापुढे आठ-दहा इंचांचा कोन म्हणजे समुद्रात काडी. पुढचा दाब मागच्या पोकळीत जाऊन मिसळतो आणि खर्ज जन्मायच्या आधीच मरतो.

राइस आणि केलॉग यांना हे ठाऊक होतं. त्यांनी कोन एका रुंद फळीवर बसवला, म्हणजे वळसा लांबचा झाला. ही झाली पेटीची पहिली पायरी. आपल्या आजोबांच्या काळातले व्हॉल्व्हचे रेडिओ आठवा. पुढून पॉलिश केलेलं सुंदर लाकूड, मागे भोकं पाडलेला पुठ्ठा. तो खोका म्हणजे खरं तर दुमडलेली फळीच होती. मागची बाजू उघडी असल्याने खरा खर्ज जेमतेम, पण लाकडी खोक्याचा स्वतःचा एक घुमारा त्यात मिसळे. त्याच घुमाऱ्याला आपण पुढे ‘जुन्या रेडिओचा गोडवा’ म्हणू लागलो.

माठातला स्पीकर आणि मिरजेचा भोपळा

इथे थोडं घराकडे वळू या. सत्तर-ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्या अनेकांनी हा प्रकार पाहिला असेल. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून एक सुटा स्पीकर आणायचा, कुंभाराकडून एक माठ आणायचा, माठाच्या तोंडावर स्पीकर बसवायचा आणि माठ खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा. टेपरेकॉर्डरची वायर जोडली की घरभर बेस! पाहुण्यांना आधी माठ दिसे, गाणं कुठून येतंय ते नंतर कळे.

ही नुसती गंमत नव्हती. माठाने तीन गोष्टी एकदम साधल्या. कोनाची पुढची आणि मागची हवा पूर्ण वेगळी झाली. भाजलेल्या मातीची गोल भिंत कडक असल्याने ती फळीसारखी थरथरली नाही. आणि तिसरं म्हणजे, गोल आकाराला धारदार कडा नसतात. अमेरिकेत आरसीएच्या प्रयोगशाळेत हॅरी ऑल्सन यांनी गोल, घन, नळकांडं, पिरॅमिड अशा बारा आकारांच्या पेट्यांवर एकच स्पीकर बसवून मोजमापं केली आणि १९५१ मध्ये ती प्रसिद्ध केली. सगळ्यांत सपाट, खाचखळगे नसलेला आवाज निघाला तो गोल पेटीतून. ऑल्सनचं नावही न ऐकलेल्या आपल्याकडच्या पोरांनी कुंभाराच्या चाकावरून नेमका तोच आकार उचलला होता.

माठाचा आत मोकळा ठेवला तर मधल्या स्वरांत ‘विहिरीतून बोलल्यासारखा’ आवाज येई. मग कुणीतरी आत जुन्या उशीचा कापूस कोंबे आणि विहीर शांत होई. हा कापूस नेमकं काय करतो ते पुढे येईलच.

आता दुसरं मातीतलं उदाहरण, मिरजेचं. मिरजेच्या कारागिरांनी बनवलेल्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तानपुऱ्याचा भोपळा हीसुद्धा एक पोकळी आहे, तिच्यातही हवा आहे. मग भोपळ्यासारखी पातळ, सुरेल लाकडाची पेटी केली तर स्पीकर गोड वाजणार नाही का? असं वाटणं अगदी साहजिक आहे आणि पहिल्या तीसेक वर्षांत पुष्कळांना तसं वाटलंही. पण इथे एक मूलभूत फरक आहे. तानपुरा हे वाद्य आहे. त्याचा भोपळा आणि तबली बोलली पाहिजे, कारण तो आवाज म्हणजेच तानपुरा. स्पीकर हे वाद्य नव्हे. तानपुऱ्याचा भोपळा रेकॉर्डिंगमध्ये आधीच बोलून गेलेला असतो. आता स्पीकरची पेटीसुद्धा आपला सूर त्यात मिसळू लागली, तर किशोरीताई गात असोत की सनई वाजत असो, सगळ्यांना एकाच खोक्याचा वास येणार. वाद्याची पोकळी बोलकी हवी, स्पीकरची पेटी मुकी हवी. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्याचा आहे.

बाटलीच्या तोंडावर फुंकर

पेटी पूर्ण बंद केली की एक नवा प्रश्न येतो. आतली हवा स्प्रिंगसारखी कोनाला मागून ढकलते. पेटी लहान तर स्प्रिंग कडक, आणि खर्ज पुन्हा अडतो. शिवाय कोनाच्या मागच्या बाजूने तयार झालेला निम्मा आवाज पेटीत वायाच जातो.

बेल प्रयोगशाळेतल्या आल्बर्ट थुरास यांनी यावर तोडगा काढला. त्यांना १९३२ मध्ये पेटंट मिळालं. त्यांनी पेटीला मुद्दाम एक भोक ठेवलं. तत्त्व जुनंच होतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की ‘हूऽऽ’ असा एकच स्वर येतो. बाटलीच्या मानेतला हवेचा गोळा आतल्या हवेच्या स्प्रिंगवर वरखाली उडत असतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ्यांचा सखोल अभ्यास केला होता. थुरास यांनी पेटीचीच बाटली केली. नळीतली हवा ठराविक स्वराला कोनाच्या मागच्या आवाजाला उलटा करून बाहेर टाकते, म्हणजे तो पुढच्या आवाजाला मारण्याऐवजी मदत करतो. गंमत म्हणजे त्या स्वराला कोन स्वतः जवळजवळ स्थिर राहतो. आवाज येतो तो नळीतून. जेन्सन कंपनीने तीसच्या दशकात हाच प्रकार ‘बेस रिफ्लेक्स’ या नावाने बाजारात आणला.

आकडे घालून बघू. ५० लिटरची पेटी आणि १० सेंटिमीटर व्यासाची, १२ सेंटिमीटर लांबीची नळी घेतली तर पेटी साधारण ४९ हर्ट्झला लागते. नळी २० सेंटिमीटर केली की ४१ हर्ट्झ. म्हणजे तबलजी हातोडीने गट्टे खालीवर करून तबला सुरात लावतो, तसा इथे नळी कापून किंवा लांब करून खर्ज लावता येतो. लांब नळी म्हणजे जड हवा, जड हवा म्हणजे खालचा स्वर.

पण कुठल्या स्वराला लावायचा? घोडं नेमकं इथेच अडलं. कोणत्या स्पीकरला किती मोठी पेटी आणि केवढी नळी, याचा नेमका हिशेब पुढची तीस वर्षं हौशी माणसाच्या हाती नव्हता. अंदाजाने पाडलेल्या भोकातून खर्ज येई, पण एकसुरी. कुठलंही गाणं लावा, खाली सगळं ‘बूम, बूम’. त्यावर पन्नासच्या दशकातल्या हौशी लोकांनी एक झकास युक्ती वापरली. टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवायचा. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला तर पेटी ठीक. ‘बोंऽऽग’ असा लांबत गेला तर भोकावर पातळ कापडाचा किंवा फायबरग्लासचा एकेक थर ताणून लावायचा, बोंगचा टक् होईपर्यंत. यासाठी ना मीटर लागे, ना गणित. एक सेल, थोडं कापड आणि दोन कान पुरत. आजही ही परीक्षा करून बघण्यासारखी आहे.

विटा, वाळू आणि कोपरा

पेटी मुकी करण्याचा ध्यास घेतलेला माणूस म्हणजे यॉर्कशरचा गिल्बर्ट ब्रिग्ज. हा मूळचा कापडधंद्यातला, पियानोचा वेडा. १९३२ मध्ये त्याने व्हार्फडेल ही कंपनी काढली, पहिला स्पीकर बनवला तो घराच्या तळघरात. १९४८ मध्ये त्याने लाउडस्पीकरवर एक छोटं पुस्तक लिहिलं. साध्या भाषेतलं, विनोदी, गणिताचा फार बाऊ न करणारं ते पुस्तक हौशी लोकांनी डोक्यावर घेतलं.

ब्रिग्ज म्हणायचा, फळी थरथरते ना? मग प्लायवूडच्या दोन पातळ फळ्या घ्या, मधे फट ठेवा आणि त्यात कोरडी वाळू भरा. वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि थरथर गिळून टाकतात. त्याहून पुढे जाऊन त्याने खोलीच्या कोपऱ्यात चक्क विटांची पेटी बांधण्याचे नकाशे दिले. वीट कुठली थरथरते! घरातल्या मंडळींना दिवाणखान्यात गवंडी आणणं कितपत रुचलं असेल ते सोडा, पण तत्त्व चोख होतं. १९५४ मध्ये ब्रिग्जने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि त्याचंच रेकॉर्डिंग एकापाठोपाठ एक ऐकवण्याचा जाहीर कार्यक्रम केला. घरच्या पेटीसाठी केलेले प्रयोग भरल्या सभागृहात कसाला लागले.

इकडे अमेरिकेत, आर्कान्सामधल्या होप या गावी, पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये कंपनी काढून दुसरी वाट धरली. त्यांनी जुना कर्णाच परत आणला, पण तो घड्या घालून पेटीत दुमडला आणि पेटी कोपऱ्यात ठेवली. कोपऱ्याच्या दोन भिंती म्हणजे कर्ण्याचा पुढचा भाग! खोलीच पेटीचा हिस्सा झाली.

या सगळ्या पेट्या उत्तम वाजत, पण त्या होत्या कपाटाएवढ्या. खर्ज हवा तर मोठं घर हवं, असा अलिखित नियमच पडला होता. खर्ज ही श्रीमंतांची चैन होती.

गादीच्या कापडाचा स्पीकर

हा नियम मोडला एडगर व्हिल्चर यांनी. ते न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकला राहत आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत ध्वनिपुनर्निर्मितीचा एक वर्ग घेत. त्यांनी प्रश्न उलटा विचारला. आजवर सगळे म्हणत होते की लहान पेटीतली हवा फार कडक स्प्रिंग आहे, ती शत्रू आहे. व्हिल्चर म्हणाले, कोनाला जागेवर धरून ठेवणारी जी कापडी-कागदी कड असते, ती तर याहून वाईट स्प्रिंग आहे. थोडी ताणली की एक वागते, जास्त ताणली की दुसरंच, आणि त्यातूनच आवाज फाटतो. हवेची स्प्रिंग मात्र कोनाच्या एवढ्याशा हालचालीत अगदी शिस्तीत वागते. मग कड इतकी सैल करू या की कोन जवळजवळ लोंबकळेल, आणि त्याला सावरण्याचं काम बंद पेटीतल्या हवेलाच देऊ या.

घरीच पहिला नमुना झाला. एका जुन्या स्पीकरची कडक कड काढून तिथे गादीच्या खोळीचं कापड लावलं. या कापडाच्या कामात त्यांची पत्नी रोझमेरी हिची मदत होती. नमुना वाजला! व्हिल्चर ही कल्पना घेऊन प्रस्थापित कंपन्यांकडे गेले, तर त्यांनी ती झिडकारली. शेवटी त्यांच्याच वर्गातला एक विद्यार्थी पुढे आला, हेन्री क्लॉस. त्याचं केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सला पेट्या बनवायचं छोटंसं दुकान होतं. १९५४ मध्ये दोघांनी मिळून अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. पहिल्या एआर-वन स्पीकरची किंमत होती १८५ डॉलर आणि आकार शेल्फावर मावेल एवढा. कपाटाएवढ्या पेट्यांना जे जमत नव्हतं ते या खोक्याने करून दाखवलं.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. क्लॉसचे पुढचे भागीदार अँटन हॉफमन यांच्या नावाने एक ‘लोखंडी नियम’ सांगितला जातो: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या पॉवरमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतल्या कुठल्याही दोनच गोष्टी मिळतील. व्हिल्चरनी पहिल्या दोन घेतल्या आणि तिसरी ॲम्प्लिफायरवर सोडली.

व्हिल्चर यांच्या पेटंटला पुढे एका स्पर्धक कंपनीने कोर्टात आव्हान दिलं. ऑल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या १९४९ च्या पेटंटात ही कल्पना आधीच आहे, असा निकाल लागला. व्हिल्चर यांनी अपील केलं नाही. कल्पना सर्वांना खुली झाली आणि बंद पेटीचे छोटे स्पीकर घरोघर पोचले. पुढे ते श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळले आणि तिथल्या आपल्या महत्त्वाच्या शोधाचं त्यांनी स्वतःहून पेटंटच घेतलं नाही. २०११ मध्ये ते गेले. आज कुणाच्या आजोबांच्या कानात जे यंत्र आहे, त्यातही या माणसाचा वाटा आहे.

आता तो माठातला कापूस. व्हिल्चर यांनीही पेटीत फायबरग्लास भरलं होतं. हवा दाबली की ती किंचित तापते आणि तापली की जास्त कडक होते. आत धागे असतील तर ते ही उष्णता शोषून घेतात आणि हवा मऊ राहते. कोनाला वाटतं की पेटी मोठी आहे! व्यवहारात पंधरा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत हा फायदा मिळतो. मात्र गच्च कोंबलं तर हवेची जागाच संपते. चिवडा कुरकुरीत हवा तर डबा ठासून भरायचा नसतो, तसंच.

सिडनीहून आलेला हिशेब

बंद पेटीचं कोडं सुटलं, नळीच्या पेटीचं बाकी होतं. ते सुटलं ऑस्ट्रेलियात. नेव्हिल थील नावाच्या इंजिनियरने १९६१ मध्ये तिथल्या रेडिओ इंजिनियरांच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की पेटी, हवा, नळी आणि कोन हे सगळं मिळून एक विजेचं फिल्टर सर्किटच आहे असं समजा. फिल्टरचं गणित टेलिफोनवाल्यांनी केव्हाच सोडवून ठेवलंय, तेच इथे वापरा. त्याने २८ जुळण्यांचा तक्ता देऊन टाकला. स्पीकर असा असेल तर पेटी एवढी, नळी एवढी.

खर्जाचं गुपित उघडं झालं होतं, पण ऑस्ट्रेलियाबाहेर फार थोड्यांनी ते वाचलं. दहा वर्षं गेली. मग सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या, मूळच्या अमेरिकन रिचर्ड स्मॉल यांनी हेच काम पुढे नेलं. १९७१ मध्ये थील यांचा लेख अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीच्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला आणि पुढच्या दोन वर्षांत स्मॉल यांची लेखमाला आली. तेव्हापासून जगभरचे स्पीकरवाले ‘थील-स्मॉल’ आकडे सांगू लागले.

यातले महत्त्वाचे आकडे तीन. कोन मोकळा असताना कुठल्या स्वराला झुलतो तो पहिला. झुलल्यावर किती लवकर थांबतो तो दुसरा. आणि त्याची कड किती लिटर हवेइतकी कडक आहे तो तिसरा. समजा कोन ३० हर्ट्झला झुलतो, थांबण्याचा आकडा ०.३५ आहे आणि कड ९० लिटर हवेइतकी आहे. त्याला ३० लिटरच्या बंद पेटीत घातलं तर झुलण्याचा स्वर आणि थांबण्याचा आकडा दोन्ही दुप्पट होतात, म्हणजे ६० हर्ट्झ आणि ०.७०. या ०.७० च्या आसपास खर्ज सपाट आणि आटोपशीर राहतो. १.० च्या वर गेलात की बूम सुरू. पेटी ४५ लिटरची केली तर ६० चे ५२ होतात. लाकूड कापायच्या आधी हे सगळं कागदावर कळतं!

थील यांचं निधन २०१२ मध्ये झालं. ज्या गणिताने मोठमोठ्या कंपन्यांचे कारखाने चालतात, तेच गणित त्यांनी छापून सगळ्यांच्या हाती ठेवलं होतं. गॅरेजमधला माणूस आणि कंपनीतला इंजिनियर पहिल्यांदाच एका पंगतीला बसले.

इथे डॉ. अमर बोस यांची आठवण काढायलाच हवी. कलकत्त्याहून आलेल्या स्वातंत्र्यसैनिकाचा हा मुलगा एमआयटीत प्राध्यापक होता. १९६८ च्या ‘९०१’ मॉडेलमध्ये त्यांनी नऊ छोटे कोन वापरले आणि त्यांचा पडणारा खर्ज इलेक्ट्रॉनिक सर्किटने वर उचलला. पेटी न बदलता सिग्नलच बदलायचा, ही तिसरी वाट. आज आपल्या खिशातल्या छोट्याशा ब्लूटूथ स्पीकरमधून जो खर्ज येतो, त्यामागे हीच युक्ती फार पुढे गेलेल्या रूपात असते.

तर मग आपल्या खोक्याचं काय?

इतिहास वाचून हात शिवशिवत असतील, तर क्रम असा ठेवा. हा क्रम शंभर वर्षांत ठरत गेलेला आहे, माझा नव्हे.

पहिली गोष्ट गळती. बंद पेटीचा कोन बोटांनी हलकेच आत दाबा आणि सोडा. तो सावकाश, आळसावल्यासारखा बाहेर आला तर पेटी बंद आहे. चटकन उसळला तर कुठेतरी हवा गळतेय. सांधे, वायरीचं भोक आणि स्पीकरची कड आधी बुजवा. अर्धा हरवलेला खर्ज इथेच सापडतो.

दुसरी गोष्ट मुकेपणा. नारळ वाजवून बघतात तशी प्रत्येक फळीवर टिचकी मारा. ‘ठण्ण’ आलं तर आतून आडवी पट्टी ठोका. प्रत्येक फळीला समोरच्या फळीशी जोडणारी एकच पट्टी पुष्कळ काम करते. वाळू आणि विटा ब्रिग्जला लखलाभ.

तिसरी गोष्ट भरण. बंद पेटीत उशीचा पॉलिएस्टर कापूस पिंजून सैल भरा, मूठमूठ घालत आणि ऐकत. नळीची पेटी असेल तर फक्त भिंतींना लावा. नळीचं तोंड मोकळं राहू द्या.

चौथी गोष्ट नळी. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये एक हजार ओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडा, फोनमधल्या ॲपने एकेक स्वर सोडा आणि स्पीकरच्या दोन टोकांवरचा व्होल्टेज साध्या मीटरने वाचत जा. आवाज बारीकच ठेवा. खर्जाच्या भागात दोन डोंगर आणि मधे एक दरी दिसेल. दरीचा तळ जिथे, तिथे तुमची पेटी लागलेली आहे. नळी लांब केली की दरी खाली सरकते, कापली की वर. म्हणून पहिली नळी नेहमी लांबच कापावी. कापलेली नळी वाढत नाही.

पाचवी गोष्ट खोली. सोळा फूट लांबीच्या खोलीत ३५ हर्ट्झच्या आसपासचा स्वर भिंतींपाशी घुमतो आणि मध्यावर जवळजवळ गायब होतो. सोफा दोन फूट पुढे ओढून जे साधतं ते कधीकधी नव्या पेटीनेही साधत नाही. क्लिप्शचा कोपरा खर्ज वाढवतो, पण शेजाऱ्याची भिंतही वाजवतो. अपार्टमेंटवाल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं!

आता कुणी म्हणेल, हजारो चांगले स्पीकर तयार मिळत असताना हा उपद्व्याप हवा कशाला? पैसे वाचवायला म्हणाल तर फारसे वाचत नाहीत. पण आपल्या मुलांच्या हातात आज ज्या वस्तू आहेत, त्यातली एकही उघडून, बिघडवून, पुन्हा जुळवून बघता येत नाही. सहा फळ्यांची ही पेटी मात्र अजून आपल्या ताब्यात आहे. नळी एक इंच कापली की काय झालं ते लगेच कानांना कळतं आणि का झालं ते नववी-दहावीच्या मुलाला समजेल अशा गणितात सांगता येतं. विज्ञान, सुतारकाम आणि संगीत एका टेबलावर आणणारे खेळ आता फारसे उरलेले नाहीत.

आणि एक दिवस पेटी बरोबर लागते. तेव्हा ‘वा, काय बेस आहे!’ असं कुणी म्हणत नाही. पेटीची आठवणच होत नाही. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली जाते आणि तो स्वर खोलीत कुठून आला ते सांगता येत नाही, एवढंच.